चार हात पुढची वाट

रविवारची पहाट. कल्याणच्या बाजारपेठेत अजून एकही शटर उघडलेले नसते. देरासरातील पहिल्या घंटेचा नाद विरतो न विरतो, तोच स्थानकाच्या पुलावरून दहा-पंधरा जणांचा एक मेळा खाली उतरतो. पाठीवर पिशव्या, पायांत जाड तळव्यांचे बूट, हातात पाण्याच्या बाटल्या. कोणी ठाण्याहून आलेला, कोणी डोंबिवलीहून. अर्ध्या जणांची एकमेकांशी ओळखही नसते. तरी कसाऱ्याकडे जाणारी लोकल फलाटाला लागते, तेव्हा आत शिरलेला पहिला माणूस मागच्यांसाठी जागा धरून ठेवतो. मैत्रीचा आरंभ बहुधा एवढ्या लहानशा कृतीतूनच होत असावा.

कल्याण हे डोंगरवाटांचे जणू प्रवेशद्वारच. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि 1 मे 1854 रोजी तोच मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याच्या दिशेने जातो, त्या बाजूला आसनगावजवळ माहुलीचे सुळके उभे आहेत. दुसरा कर्जतकडे वळतो, त्या वाटेवर वांगणीजवळ चंदेरी आहे. मुरबाडच्या रस्त्याने गेले की गोरखगड, सिद्धगड आणि नाणेघाट. दक्षिणेला मलंगगड तर इतका जवळ, की पाऊस सरल्यावर स्वच्छ दिवशी डोंबिवलीच्या अनेक गच्च्यांवरून त्याची रेषा स्पष्ट दिसते. ठाणेकरांच्या पाठीशी येऊरचे रान आहे. एवढे सारे एका दिवसाच्या अंतरावर असूनही पेठेतील कित्येक कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्यांनी ते केवळ खिडकीतून पाहिले आहे.

यात त्यांचा दोष नाही. व्यापाऱ्याच्या घरचे घड्याळच निराळे चालते. इतरांचा रविवार म्हणजे विश्रांती, दुकानदाराचा रविवार म्हणजे गल्ल्याचा दिवस. मुलगा महाविद्यालयात असेतो मित्र असतात. तो गादीवर बसू लागला की हळूहळू त्याचे जग पुरवठादार, गिऱ्हाईक आणि नातेवाईक यांच्यात सामावते. लग्न होऊन घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतीत आलेल्या सुनेला उद्वाहनात रोज भेटणाऱ्या शेजारणीचे नावही ठाऊक नसते. मुले परदेशी गेलेल्या वडीलधाऱ्यांची संध्याकाळ दूरचित्रवाणीपुढे सरते. घरात धान्य आहे, दागिने आहेत, माणसेही आहेत. परंतु ज्याच्याशी कोणताही व्यवहार नाही असा सोबती नाही. ही उणीव कोणत्याही खातेवहीत दिसत नाही, म्हणून ती फार दिवस लक्षातही येत नाही.

गिर्यारोहकांच्या आणि भटक्यांच्या मंडळांनी ही उणीव भरून काढण्याचे काम फारसा गाजावाजा न करता केले आहे. हिमालयन क्लबची स्थापना 1928 सालची. मुंबईतील गिरिविहार ही संस्था 1954 पासून तरुणांना डोंगरावर नेत आहे. ठाण्याच्या वेशीवरील मुलुंडमध्ये चक्रम हायकर्स हे मंडळ आहे. सह्याद्रीत अनेक दिवसांची पदयात्रा घडवणारा त्यांचा ‘सह्यांकन’ हा उपक्रम डोंगरप्रेमी मराठी घरांत सुपरिचित आहे. त्याच मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात गिरिमित्र संमेलन भरते आणि राज्यभरातील मंडळे तेथे एकमेकांना भेटतात. यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया या देशव्यापी संस्थेचेही अनेक सभासद या पट्ट्यात आहेत. यांखेरीज ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कित्येक लहान गट आहेत. त्यांना ना कार्यालय असते, ना फलक. पाच-सहा अनुभवी माणसे, सभासदांच्या संपर्काची एक यादी आणि महिन्याची ठरलेली एखादी वाट, एवढेच त्यांचे भांडवल.

यूथ हॉस्टेलच्या चळवळीचे मूळ मोठे बोधप्रद आहे. रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शिक्षक 1909 साली आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळाने गाठले आणि त्या रात्री एका खेडेगावातील शाळेने त्यांना आसरा दिला. सुटीत ओस पडणाऱ्या अशा शाळा चालणाऱ्या मुलांसाठी उघडल्या तर, असा विचार त्यांच्या मनात आला. 1912 साली आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात पहिले वसतिस्थान सुरू झाले आणि पुढे ही कल्पना जगभर पसरली. ज्या समाजाने गावोगावी धर्मशाळा आणि उपाश्रय बांधले, त्याला या कल्पनेत परके असे काही वाटू नये. चालणाऱ्याला छप्पर देणे हे पुण्यकर्म आहे, ही जाणीव त्याच्या रक्तातच आहे.

व्यापार आणि डोंगर यांचे जमत नाही, असेही नाही. हरीश कापडिया हे मुंबईतील कापडाचे व्यापारी. त्यांनी हिमालयाचे अनेक दुर्गम प्रदेश पालथे घातले, हिमालयन जर्नलचे संपादन दीर्घकाळ सांभाळले आणि ‘ट्रेक द सह्याद्रीज’ हे पुस्तक लिहून सह्याद्रीच्या वाटा हजारो तरुणांना दाखवल्या. 2003 साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना आपले पॅट्रन्स मेडल दिले. दुकानाच्या कामातून वेळ मिळत नाही असे म्हणणाऱ्याने हे उदाहरण एकदा तरी आठवावे.

मंडळाबरोबरचा एक दिवस कसा जातो, ते माहुलीच्या वाटेवर पाहावे. आसनगाव स्थानकावर उतरले की रिक्षाने पायथ्याच्या माहुली गावी जाता येते. चढाईला आरंभ करण्यापूर्वी सर्वांना वर्तुळात उभे केले जाते आणि प्रत्येकाने आपले नाव सांगायचे असते. येथे पेढीचे नाव कोणी विचारत नाही. शेजारी उभा असलेला कोणी रेल्वेत नोकरीला असतो, कोणी रुग्णालयात परिचारिका, कोणी शिक्षक, कोणी अजून महाविद्यालयात. ज्याला गल्लीतील सारे वडिलांच्या नावाने ओळखतात, अशा तरुणाला केवळ स्वतःच्या नावाने उभे राहण्याचा हा प्रसंग पुष्कळदा आयुष्यात प्रथमच येतो. मग म्होरक्या नियम सांगतो. सर्वांत पुढे वाट ठाऊक असलेला एक जण, सर्वांत मागे दुसरा अनुभवी. पुढच्याला ओलांडायचे नाही, मागच्याच्या मागे राहायचे नाही. दर थांब्यावर मोजणी. आणि शेवटचा नियम असा, की चालताना दृष्टी पायाखालच्या वाटेवर असावी. देखावा पाहायचा असेल तर थांबून पाहावा.

हा नियम ऐकताना पाठशाळेत शिकलेल्या मुलाला हसू येते. ईर्यासमितीच्या धड्यात त्याने हेच वाचलेले असते. चार हात पुढची भूमी पाहून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशा बेताने पाऊल टाकावे, असे मुनिजनांचे आचरण सांगते. एकाचा हेतू जीवदया, दुसऱ्याचा हेतू स्वतःचे रक्षण. पण पाय दोघांचेही सारख्याच सावधपणे पडतात.

माहुलीची उंची सुमारे 2,800 फूट. माहुली, पळसगड आणि भंडारगड असे हे दुर्गत्रिकुट आहे. 1636 साली मोगल आणि आदिलशाही फौजांपुढे शहाजीराजांनी शेवटचा लढा याच गडावरून दिला. पुरंदरच्या तहात हा गड गेला आणि 1670 साली मराठ्यांनी तो पुन्हा जिंकला. माथ्याजवळ लोखंडी शिडी आहे. तिच्यापाशी पोहोचेपर्यंत अडीच-तीन तासांच्या चढाने सर्वांचे मुखवटे गळून पडलेले असतात. धाप लागलेल्या माणसाला बढाई मारता येत नाही. वरून कोणी हात पुढे करतो, खालून कोणी पाय कोठे ठेवायचा ते सांगतो आणि सकाळी अनोळखी असलेली दोन माणसे शिडीच्या वरच्या टोकाला एकमेकांची झालेली असतात. पेठेत वर्षानुवर्षे शेजारी बसूनही जो विश्वास जुळत नाही, तो येथे एका प्रहरात जुळतो. कारण येथे कोणाला कोणाकडून काहीच वसूल करायचे नसते.

व्यापारी कुटुंबातील माणसाने एकदा तरी चढावा असा घाट मात्र मुरबाडच्या पलीकडे आहे. टोकावडे ओलांडून वैशाखरे गावापुढे नाणेघाटाची वाट सुरू होते. प्राचीन काळी कल्याण आणि सोपारा ही समृद्ध बंदरे होती. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा ‘कल्लिएना’ असा उल्लेख आहे. येऊरच्या रानापलीकडील कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत कल्याणचे व्यापारी व सोनारही आहेत. या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी हे गड जणू त्या वाटेचे पहारेकरी.

घाटाच्या माथ्यावरील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. यज्ञांत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आढळते. भारतीय अंकचिन्हांच्या फार जुन्या नमुन्यांत या लेखाची गणना होते. म्हणजे ज्या आकड्यांवर पेढ्यांचा सारा व्यवहार चालतो, त्यांची पूर्वरूपे या खडकावर उभी आहेत. बाहेर एक प्रचंड दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, असे परंपरा सांगते. लमाणांचे तांडे आणि सार्थवाह ज्या पायऱ्यांनी चढले, त्याच पायऱ्यांवर आज कल्याणचा दुकानदार घाम पुसत बसतो. साहस ही नोकरदारांची हौस आहे, व्यापाऱ्याचे ते काम नव्हे, हा समज येथे आपोआप दूर होतो. त्याच्या पूर्वजांचा व्यापारच मुळी पायी चालत होता.

धर्माची वाटही अशीच डोंगरातून गेली आहे. मावळातील पाले येथील लेण्यात अरहंतांना वंदन करून आरंभ होणारा एक प्राचीन लेख आहे आणि लेण्याबरोबरच पाण्याच्या टाक्याच्या दानाची नोंद त्यात आहे. महाराष्ट्रातील जैन परंपरेच्या सर्वांत जुन्या खुणांत तो गणला जातो. दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाटसरूच्या तहानेचा विचार केला होता. श्रीपाल राजाच्या कथेत ठाणे नगरीचा उल्लेख येतो आणि टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे मंदिर आजही कोकण शत्रुंजय म्हणून ओळखले जाते. खुद्द शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आबालवृद्ध चढतात, कित्येक जण नव्याण्णव यात्रा करतात आणि फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला सहा गाऊंची प्रदक्षिणा होते. छ’री पालित संघात यात्रिक आठवडेच्या आठवडे पायी चालतात, दिवसातून एकदाच आहार घेतात आणि भूमीवर झोपतात. त्या संघातून परतलेली माणसे एकमेकांना आयुष्यभर विसरत नाहीत. सोबत चालल्याने माणसे जोडली जातात, हे गिर्यारोहकांच्या मंडळांनी नव्याने शोधलेले नाही. त्यांनी ते निराळ्या वेषात पुढे ठेवले इतकेच.

तरीही घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात शंका असतात आणि त्या पोकळ नव्हेत. पहिली शंका आहाराची. पायथ्याच्या गावात पिठले-भाकरी मिळते, पण त्यात कांदा आणि लसूण असतो. उकळलेल्या पाण्याचा नियम आणि चौविहार डोंगरावर कसे पाळायचे? अनुभव असा, की अडचण मनात असते तेवढी वाटेवर उरत नाही. खाखरा, थेपले, सुखडी आणि भाजलेले चणे यांच्याइतकी हलकी व टिकाऊ शिदोरी कोणत्याही गिर्यारोहकाला सुचलेली नाही. वर्तुळात डबे उघडले की थेपल्यांचा डबा सर्वांत आधी रिकामा होतो. गावातील घरी आदल्या दिवशी निरोप दिला, तर कांदा-लसणाविना जेवण आनंदाने मिळते. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. दुपारी लवकर उतरायला लागणाऱ्या गटात चौविहाराला बाध येत नाही आणि अंधारात वाट चुकण्याचे भयही टळते. उकळून गार केलेले तीन लिटर पाणी पाठीवर वाहावे लागते, हे मात्र खरे. नियम पाळायचा तर त्याचे ओझे स्वतःच उचलावे लागते, हा धडा तरुण मुलांना व्याख्यानापेक्षा पाठीवरच्या पिशवीकडून लवकर समजतो.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. ती पावसाची. सह्याद्रीचे सर्वांत मोहक रूप श्रावणात दिसते आणि गर्दीही तेव्हाच लोटते. परंतु त्याच महिन्यांत कातळावर शेवाळ धरते, ओढे घटकाभरात फुगतात आणि धुक्यात कडा दिसत नाही. दरवर्षी या डोंगरांत तरुण जीव जातात. त्यांतले कित्येक धबधब्याखाली उतरलेले किंवा छायाचित्रासाठी कड्याच्या टोकावर गेलेले असतात. प्रशासनाला अनेक ठिकाणी बंदी घालावी लागते. मुलगा घरी परतेपर्यंत आईचा जीव टांगणीला लागतो, तो उगाच नव्हे.

येथे जैन पंचांग वाट दाखवते. आषाढात चातुर्मास बसतो. साधू-साध्वी विहार थांबवून एका जागी स्थिर होतात, कारण पावसात पावलोपावली सूक्ष्म जीव जन्मलेले असतात. श्रावकही शक्यतो प्रवास आवरतात. कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते. त्या दिवसापासून माघ-फाल्गुनापर्यंतचा काळ हाच सह्याद्रीतील गडकोटांसाठीही उत्तम असतो. हवा थंड, वाटा कोरड्या, टाक्यांत अजून पाणी आणि क्षितिज स्वच्छ. जीवदयेसाठी घातलेले बंधन मनुष्यजीवाचेही रक्षण करते. ज्या घरांत मुलगा श्रावणात हट्ट धरतो, तेथे नकार देण्याऐवजी कार्तिकाचा शब्द द्यावा आणि तो पाळावा. नुसता नकार मिळालेली मुले पुष्कळदा न सांगता जातात, आणि न सांगता गेलेल्याचा शोध घेणे फार कठीण असते.

तिसरी शंका सोबतीची. मुलगी कोणाबरोबर जाते, रात्री कोठे राहते, हे विचारण्याचा अधिकार घराला आहे. चांगले मंडळ अशा प्रश्नांनी रागावत नाही. म्होरक्याने गिर्यारोहणाचे किंवा प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे काय, गटात किती माणसे आणि किती अनुभवी, स्त्री संघटक सोबत आहे काय, परतीची वेळ कोणती, मद्य व धूम्रपानाला मनाई आहे काय, जवळचे रुग्णालय किती अंतरावर, हे सर्व आधी विचारून घ्यावे. राज्य शासनाने 2021 साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था त्यात आहे. ती नोंदणीही पाहावी. जो पन्नास-साठ जणांना एकाच वेळी नेतो, नावेही विचारत नाही आणि केवळ पैसे गोळा करतो, तो आयोजक स्वस्त असला तरी महागात पडतो. माल पारखणाऱ्या समाजाला हे निराळे सांगावे लागू नये.

आणि रविवारच्या गल्ल्याचे काय? त्यावरही वाट निघते. काही तरुण बाजाराच्या सुटीचा वार गाठून पाच-सहा जणांचा आपला गट करतात. काही घरांत भाऊ-भाऊ आळीपाळीने महिन्यातील एक रविवार मोकळा करतात. वडीलधाऱ्यांसाठी येऊरची सकाळची सावली आहे. आसनगावला उतरणाऱ्या कुटुंबाला गड झेपणारा नसेल, तर शहापूरच्या टेकडीवरील मानस मंदिराचे दर्शन घेऊन, माहुलीचे सुळके डोळे भरून पाहून परतता येते. संघातील पाच-सात कुटुंबांनी मिळून वर्षातून चार वाटा चालायचे ठरवले, तर तेही एक मंडळच झाले. त्यात शेजारच्या इमारतीतील अन्य समाजाचे एखादे कुटुंब आले, तर शिदोरी कमी पडत नाही. साधर्मिक वात्सल्याचे संस्कार असलेल्या घराला मैत्रीचा हात थोडा पुढे करणे अवघड नाही.

सायंकाळी आसनगावच्या फलाटावर तोच मेळा पुन्हा उभा असतो. बूट लाल मातीने माखलेले, पिशव्या हलक्या, आवाज बसलेले. मावळतीपूर्वी उरलेले थेपले वाटून संपवले जातात. कोणी बाटलीतील शेवटचा घोट शेजाऱ्याला देतो. गाडी कल्याणला येते तेव्हा बाजारपेठेतील दिवे लागलेले असतात. सकाळी ज्याच्यासाठी जागा धरली होती, तो आता उतरताना नाव घेऊन हाक मारतो, पुढची वाट कोणती ते विचारतो. दुकानाच्या पायरीवर वडील वाट पाहत असतात. मुलगा सुखरूप परतला याचे समाधान ते बोलून दाखवत नाहीत, फक्त गल्ल्यावरून किंचित सरकून त्याला जागा देतात. आणि दुसऱ्या दिवशी हिशेब लिहिता लिहिता, नाणेघाटातील त्या रांजणाविषयी हळूच विचारतात.